दारातली बाटली

नवीन गाडी घेऊन नऊ दिवस झाले आणि डावीकडच्या मागच्या दारातून आवाज यायला लागला. टक्... टक्टक्... टक्. गुळगुळीत रस्त्यावर गप्प. जिथे डांबर उखडलंय तिथे चाळीस ते पन्नासच्या वेगात हमखास. काच पूर्ण खाली केली की बंद, वर केली की पुन्हा सुरू. आपल्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार नवीन नाही. ठराविक परिस्थितीतच दिसणारा, आणि ज्याला दाखवायला जावं त्याच्यासमोर हटकून न दिसणारा बग!

एकदा कान तिकडे गेले की डोळेही जातात. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाची फट एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड. गिअरच्या शेजारच्या काळ्या चकचकीत पट्टीवर एक चरा, करंगळीच्या नखाएवढा. सनवायझरच्या मागे छताच्या कापडावर गोंदाचा पिवळट डाग. शोरूममध्ये गाडीला हार घालताना, पेढे वाटताना, बोनेटसमोर उभं राहून फोटो काढताना यातलं काही म्हणजे काहीही दिसलं नव्हतं. डिलिव्हरीच्या कागदावर 'इंटिरियर : ओके' याच्यासमोर माझीच सही आहे.

बाबा म्हणाले, "अरे, गाडी चालतेय ना? मग झालं तर!" त्यांचंही बरोबर आहे. ज्या पिढीने गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले, ज्यांच्या काळात अ‍ॅम्बॅसेडरबद्दल 'हॉर्न सोडून सगळं वाजतं' हा विनोद घरोघरी चालायचा, त्यांनी दारातल्या टकटकीला काय भीक घालायची! बायकोचं म्हणणं वेगळं. "तुला सुट्टीच्या दिवशीही बग सापडल्याशिवाय जेवण जात नाही."

असो. शनिवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हसून म्हणाला, "सर, नवीन गाडी आहे, हळूहळू सेट होईल." (दारातली टकटक 'सेट' होऊन नक्की काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.) मी हट्टच धरला तेव्हा तिथल्या एका पोराने दाराचं पॅड उघडलं. आत बघतो तर पॅड धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांपैकी एक बसवलेलीच नव्हती, आणि वायरचा एक कनेक्टर मोकळा लटकत होता. त्याने कनेक्टरला फेल्टची टेप गुंडाळली, खिशातून एक क्लिप काढली, जागेवर बसवली आणि पॅडवर तळहाताने एक थाप मारली. पाच मिनिटांत काम फत्ते. मी विचारलं, "हे कंपनीला कळवणार का तुम्ही?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "कशाला सर? झालं ना काम."

घरी परत येताना मला फ्रीमाँट आठवलं.

२००९ मध्ये काही महिने मी ऑनसाइट होतो, कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या जवळ. हायवे ८८० वरून जाता-येता फ्रीमाँट शहराच्या दक्षिण टोकाला एक अवाढव्य कारखाना दिसायचा. त्याचं नाव 'नुम्मी'. मला आधी वाटलं बिस्किटांचा असेल :-) मग हापिसातल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन सहकाऱ्याने सांगितलं, की ते 'न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग'चं लघुरूप आहे आणि तिथे कोरोला बनते. त्यामागची सगळी कथा मी नंतर वाचली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही.

साठच्या दशकात जनरल मोटर्सने हा कारखाना सुरू केला. पाच हजारांवर माणसं कामाला, आणि जीएमच्या कारखान्यांमध्ये याची कीर्ती सगळ्यात वाईट. गैरहजेरी वीस टक्क्यांपर्यंत जायची. सोमवारी सकाळी असेंब्ली लाइन सुरू करायला माणसं पुरायची नाहीत. कामाच्या वेळात दारू, जुगार, सगळं चालायचं. व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात कायमची मारामारी. पण या सगळ्या गोंधळात एक नियम मात्र अगदी सोवळ्यातला: काहीही होवो, लाइन थांबवायची नाही. चुकीचा पार्ट बसला? जाऊ दे पुढे. सीट वाकडी? जाऊ दे पुढे. इंजिन उलटं बसलेल्या आणि स्टिअरिंगच नसलेल्या गाड्यासुद्धा तशाच पुढे गेल्याच्या कथा तिथलेच लोक सांगतात. अशा गाड्या मग मागच्या आवारात रांगेने उभ्या राहायच्या आणि दुसरी माणसं त्या पुन्हा उघडून दुरुस्त करायची.

आणि यातलीच ती बाटली. २०१० मध्ये 'धिस अमेरिकन लाइफ' या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाने या कारखान्यावर एक अख्खा भाग केला. त्यात सांगितलं होतं, की काही कामगार दाराच्या पॅडच्या आत मुद्दाम कोकची बाटली ठेवून द्यायचे. का? तर ती आत खडखडत राहावी आणि गाडी घेणाऱ्याला वैताग यावा म्हणून!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. आता स्वतःच्या गाडीचं दार उघडलेलं बघितल्यावर तेवढं हसू येत नाही. गाडी घेणाऱ्या कुठल्या तरी शिक्षिकेशी किंवा दुकानदाराशी त्या कामगाराचं काय वैर असणार? काहीच नाही. दिवसभर समोरून एकामागून एक गाड्या जातायत, तोच पार्ट, तोच स्क्रू, आणि 'हे चुकतंय' असं सांगायला गेलं तर उत्तर ठरलेलं: गप्प बस आणि लाइन चालू ठेव. त्याचं तोंड बंद होतं. बाटली बोलत होती.

१९८२ मध्ये जीएमने हा कारखाना बंद केला.

यापुढचा भाग खरा गमतीचा आहे. त्याच सुमाराला अमेरिका जपानी गाड्यांच्या आयातीवर मर्यादा घालून बसली होती. टोयोटाला अमेरिकेत पाय रोवायचे होते, पण अमेरिकन कामगार आपल्याला झेपतील का ही धास्ती होती. जीएमला छोट्या गाड्या नफ्यात बनवता येत नव्हत्या. दोघांनी मिळून भागीदारी केली आणि बंद पडलेलं फ्रीमाँट १९८४ मध्ये पुन्हा उघडलं. कारखाना चालवायचा टोयोटाने. माणसं कुठली घ्यायची? तर तीच! तीच युनियन, आणि नव्या भरतीत ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक जुन्या फ्रीमाँटचे. म्हणजे त्यात बाटलीवालेही आले असणार.

त्यांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथे त्यांनी जे बघितलं त्याने ते चक्रावले. लाइनच्या वर एक दोरी. कोणाला काही चुकलंय असं वाटलं, स्क्रू नीट बसला नाही, क्लिप 'क्लिक' झाली नाही, की त्याने ती दोरी ओढायची. एक धून वाजते, दिवा लागतो, आणि टीम लीडर धावत येतो. ओरडायला नाही, मदतीला. गाडी पुढच्या टप्प्यावर पोचेपर्यंत चूक सुधारली तर दोरी पुन्हा ओढून गाडी पुढे जाते. नाही सुधारली तर लाइन थांबते. लाखो रुपयांचं यंत्र एका साध्या कामगाराच्या शंकेपायी थांबतं! फ्रीमाँटमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांना हे अगदीच नवीन होतं.

या दिव्याला 'अँदोन' म्हणतात. मूळ अर्थ जपानी कागदी कंदील. आणि कल्पना तर गाड्यांच्याही आधीची, मागाची आहे. टोयोटा घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोदा मागाचे संशोधक. त्यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची खासियत अशी, की धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा. एक तुटलेला धागा घेऊन पंचवीस हात खराब कापड विणत बसायचं नाही. रच्याकने, आपण स्प्रिंटच्या बोर्डावर ज्याला 'कानबान' म्हणतो तेही याच घरातलं. आपण कार्ड उचलून आणली. दोरी तिकडेच विसरलो.

आता, गाडीच्या आतल्या बारीकसारीक दोषांचा आणि या दोरीचा इतका जवळचा संबंध का? मला जे समजलं ते असं. गाडीचा सांगाडा वेल्ड करायला आणि रंगवायला रोबो असतात. पण डॅशबोर्ड, छताचं कापड, कार्पेट, दाराची पॅडं हे काम लाइनच्या शेवटच्या भागात होतं आणि ते आजही मोठ्या प्रमाणावर माणसाच्या हाताने होतं. माणूस वाकून आत शिरतो, पॅड लावतो, तळहाताने ठोकतो, क्लिप बसल्याचा आवाज ऐकतो. मिनिटभरात पुढची गाडी समोर. एकदा पॅड बसलं की आतली विसरलेली क्लिप जगातल्या कुठल्याही तपासनिसाला दिसत नाही. शेवटी तपासणारा पॉलिश केलेला पृष्ठभाग बघतो आणि 'ओके' लिहितो. त्या क्लिपबद्दल जगात फक्त एका माणसाला, फक्त काही सेकंद, माहीत असतं. त्या काही सेकंदांत त्याला थांबता आलं तर आलं. नाहीतर ती थेट नवव्या दिवशी मला ऐकू येणार.

आकडे बघा. एमआयटीच्या संशोधकांच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या १९९० च्या पुस्तकात १९८७ ची तुलना आहे. जीएमच्या फ्रॅमिंगहॅम या जुन्या पद्धतीच्या कारखान्यात दर १०० गाड्यांमागे जुळणीचे १३५ दोष. ताकाओकात ४५. आणि नुम्मीत? ४५! तीच इमारत, तीच माणसं, तीच युनियन. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

(एक मजा. नंतर तिथे एकाच लाइनवर टोयोटाची कोरोला आणि जीएमची जिओ प्रिझ्म अशा जवळजवळ जुळ्या गाड्या बनायच्या. तरी कोरोला जास्त खपायची आणि सेकंड हँड बाजारात तिलाच जास्त भाव मिळायचा. लोकांच्या मनात जीएमच्या दारातली बाटली अजून वाजत होती!)

मग जीएमने हे सगळीकडे का केलं नाही? प्रयत्न केला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात हीच पद्धत आणायला गेले आणि आपटले. दोरी टांगायला काय, कोणीही टांगेल. पण मॅनेजरचं कौतुक 'आज किती गाड्या बाहेर काढल्या' यावर होत असेल तर दोरी ओढणारा माणूस त्याचा शत्रूच ना? व्हॅन नाइस १९९२ मध्ये बंद झालं. जून २००९ मध्ये, मी तिकडे असतानाच, खुद्द जीएमने दिवाळखोरी जाहीर केली आणि नुम्मीतून अंग काढून घेतलं. १ एप्रिल २०१० ला शेवटची कोरोला बाहेर पडली आणि नुम्मीही संपलं.

यानंतर ती इमारत कोणी घेतली हे बऱ्याच जणांना माहीत असेल. टेस्लाने, ४ कोटी २० लाख डॉलरना. आणि इतिहास बघा कसा गोल फिरतो! २०१७-१८ मध्ये मॉडेल ३ चं उत्पादन वाढवायची धावपळ सुरू होती. आठवड्याला किती गाड्या निघाल्या याकडे सगळ्या जगाचं लक्ष. आवारात भलामोठा तंबू ठोकून एक जादा लाइन टाकलेली. आणि त्या गाड्यांबद्दलची गाजलेली तक्रार कुठली, तर पत्र्यांच्या फटी एकसारख्या नाहीत, आतल्या पट्ट्या नीट बसलेल्या नाहीत. गाडी ताब्यात घ्यायला जाताना लोक काय-काय तपासायचं याची छापील यादी घेऊन जायचे. २०२१ मध्ये सँडी मन्रो या गाड्या उघडून तपासणाऱ्या प्रसिद्ध इंजिनियरशी बोलताना खुद्द मस्कनेच कबूल केलं, की उत्पादन वेगाने चढत असताना बारीकसारीक गोष्टी नीट होणं अवघड जातं. तेव्हा गाडी घ्यायची तर अगदी सुरुवातीला घ्या, नाहीतर सगळं स्थिरावल्यावर घ्या, असा सल्लाही दिला. रिलीजच्या आदल्या आठवड्यात आपण मॅनेजरला हेच सांगतो, फक्त आपलं कोणी ऐकत नाही.

आपल्याकडेही जपानी शिस्त साधारण त्याच वेळी आली. गुरगावात मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली ती १४ डिसेंबर १९८३ ला, आणि नुम्मीची पहिली गाडी निघाली डिसेंबर १९८४ ला. बरोबर एका वर्षाचं अंतर. एकच गणवेश, साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये, हे आपल्याकडे तेव्हा धक्कादायकच होतं. आणि जीएमबद्दल म्हणाल तर ती पुण्याच्या दारातही येऊन गेली. तळेगावचा कारखाना त्यांनी २००८ मध्ये सुरू केला, २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि २०२३ मध्ये ह्युंडाईने तो घ्यायचा करार केला. एक्स्प्रेसवेने जाताना तळेगाव आलं की मला हटकून फ्रीमाँट आठवतं. इमारत तीच, आत चालवणारे वेगळे.

बरं, या सगळ्यात गिऱ्हाइकाने काय करायचं? कायद्याकडे बघून फार उपयोग नाही. अमेरिकेत सदोष गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात आणि तिथे १९८२ पासून लेमन लॉ आहेत (पहिला कनेक्टिकट राज्यात). पण ते गाडीचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता यांत मोठी खोट असेल तरच. गोंदाच्या डागाला लिंबू कोण म्हणणार? आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्या, १९८६ ची असो की २०१९ ची, इतकी ऐसपैस आहे की कागदावर माझा डागही तिच्यात बसेल. पण त्यासाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

माझा अनुभव विचाराल तर सांगतो. डिलिव्हरी उजेडात घ्या, रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये नको. सही करण्याआधी फोटो काढा. आवाज येत असेल तर अजिबात ऐकून घेऊ नका, उघडायलाच लावा, कारण आवाज म्हणजे काहीतरी सुटलेलं आहे. चरा मात्र बारीक असेल तर सोडून द्या. चकचकीत पट्टी बदलायची म्हणजे आजूबाजूचं सगळं उचकटणं आलं, आणि एकदा काढलेल्या क्लिपा पुन्हा पहिल्यासारख्या घट्ट धरतीलच असं नाही. एक चरा घालवायला जाल आणि तीन टकटकी घेऊन याल. मी डाग आणि चरा दोन्ही सोडून दिले.

एक गोष्ट मात्र सोडता येईना.

गाडी देताना सेल्सच्या मुलाने अगदी अजिजीने सांगितलं होतं, "सर, कंपनीचा फीडबॅक कॉल येईल. प्लीज, सगळ्याला दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो." पोरगा चांगला होता. कर्जाच्या कागदांसाठी दोनदा घरी आला होता, आईच्या पाया पडला होता. मी 'हो' म्हणून बसलो होतो. आता फ्रीमाँट डोक्यात घेऊन विचार केला, की हा कॉल म्हणजे तीच दोरी नाही का? लाइनच्या पार शेवटी, माझ्या हातात दिलेलं टोक. आणि ते ओढलं तर दिवा कारखान्यात लागणार नाही, दंड त्या पोराला होणार. ज्याने क्लिप विसरली त्याला कळणारच नाही. आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? बग ट्रॅकरमध्ये 'कॉस्मेटिक' असं लिहून मी स्वतः किती तरी तक्रारी 'नंतर बघू' म्हणून बंद केल्यात.

गुरुवारी, नेमका मीटिंगच्या मध्ये, फोन आला. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन घेतला. सेल्सच्या वागणुकीला मी दहा दिले. गाडीच्या दर्जाला आठ. तिकडच्या बाई म्हणाल्या, "ओके सर, आठ." मी म्हटलं, "कारण सांगतो. डाव्या बाजूच्या मागच्या दाराच्या पॅडची एक क्लिप बसवलेली नव्हती आणि कनेक्टर मोकळा होता." त्या क्षणभर थांबल्या. "सर, कारणासाठी माझ्याकडे कॉलम नाहीये. फक्त नंबर आहे."

संध्याकाळी सेल्सच्या मुलाचा फोन. "सर, आठ का दिले?" रागावला नव्हता, थकल्यासारखा वाटला. मी सगळं सांगितलं, क्लिपचंही. म्हटलं, तुझ्या मॅनेजरशी बोलतो, तुला काही होऊ देत नाही. मॅनेजरशी बोललो. ते म्हणाले, "बघतो सर." मग मी त्या मुलाला दाराच्या उघड्या पॅडचा फोटो पाठवला, क्लिपची रिकामी जागा लाल गोल करून, आणि खाली लिहिलं, 'हा कारखान्यापर्यंत पोचवता येतो का बघ.'

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.